यंत्र कोठे थांबले? : नव्याने जोडलेल्या संगणकाच्या निदानाची शिस्त

सुटे भाग विकत घेऊन जोडलेला डेस्कटॉप संगणक पहिल्या कळीला सुरू न होणे ही या व्यवसायातली नित्याची बाब आहे. कधी कळ दाबूनही पंख्याचे पाते हलत नाही, कधी सगळे पंखे फिरतात पण पडदा काळाच राहतो, तर कधी पडद्यावर अक्षरे उमटतात आणि यंत्र तिथेच अडून बसते. ग्राहकाला या तिन्ही अवस्था सांगायला ‘कॉम्प्युटर चालू होत नाही’ हे एकच वाक्य पुरते. निदान करणाऱ्याच्या दृष्टीने मात्र त्या तीन निरनिराळ्या अवस्था असून प्रत्येकीची कारणे, तपासणीची साधने आणि उपाय वेगळे आहेत. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, नव्या संगणकातील बिघाड अंदाजाने भाग बदलून सापडत नाही, तो क्रम वाचून सापडतो. संगणक ठरलेल्या क्रमाने जागा होतो आणि ज्या पायरीवर तो थांबतो, ती पायरीच दोष कोणत्या बाजूला आहे हे सांगते. हा क्रम ज्याला ठाऊक आहे त्याचे काम मोजक्या साधनांवर भागते. ज्याला तो ठाऊक नाही त्याच्या हातून चांगला मदरबोर्डही ‘डेड’ ठरून परत जातो.

कोल्हापूरसारख्या शहरात या ज्ञानाला व्यवहारातही मोठे मोल आहे. शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील फौंड्री व मशीन शॉपमध्ये यंत्रभागांची आरेखने करणारे संगणक, छपाई आणि फ्लेक्सच्या व्यवसायातील संगणक, छायाचित्रकारांच्या स्टुडिओत चित्रफितींचे संकलन करणारे संगणक आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी घरी घेतलेले संगणक गरजेप्रमाणे भाग निवडून जोडून घेण्याची पद्धत येथे रुळलेली आहे, कारण कामाला हवे ते ग्राफिक्स कार्ड आणि हवी तेवढी रॅम तयार संगणकात एकत्र मिळेलच असे नसते. मात्र यातील बराचसा माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरून, पुण्याच्या घाऊक बाजारातून किंवा ऑनलाइन खरेदीतून कुरिअरने येतो. मोठ्या बाजारपेठेत संशयित भाग काढून त्याच जातीचा दुसरा लावून पाहणे सोपे असते. जिल्ह्याच्या ठिकाणी तो दुसरा भाग हाताशी असेलच याची खात्री नसते आणि चुकीच्या निदानाची किंमत काही दिवसांच्या खोळंब्याने मोजावी लागते. म्हणून जेथे सुटे भाग कमी, तेथे निदान अधिक काटेकोर असावे लागते.

जोडणीची परंपरा आणि तिचा धडा

यंत्र स्वतः जोडून ते चालते करण्याची परंपरा कोल्हापूरला नवी नाही. बाबूराव पेंटर यांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ च्या सुमारास याच शहरात चलच्चित्रणाचा कॅमेरा घडवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट १९२० मध्ये पडद्यावर आला. पुढे उद्यमनगरातील कारखान्यांनी शेतीपंपांसाठी ऑईल इंजिने घडवली. इंजिन सुरू होत नसेल तर डिझेल पोहोचते का, हवा अडते का, दाब बसतो का, या क्रमाने तपासत जाणारा मिस्त्री ज्या शिस्तीने काम करतो, तीच शिस्त संगणकाच्या निदानाला लागते.

संगणकाच्या क्षेत्रातही महाराष्ट्राने हा धडा फार लवकर गिरवला आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली जो ‘टिफ्रॅक’ हा संगणक बांधला गेला, त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. तो १९६० मध्ये कार्यान्वित झाला आणि १९६२ मध्ये त्याचे नामकरण पंडित नेहरू यांनी केले. पण त्या चमूने थेट मोठे यंत्र उभारले नाही. आधी एक लहान प्रायोगिक यंत्र बांधून ते १९५६ मध्ये चालते केले, त्यातून आराखड्याची खात्री करून घेतली आणि मगच पूर्ण आकाराच्या यंत्राला हात घातला. जे कमीत कमी भागांत चालते ते आधी सिद्ध करावे आणि मग एकेक भर घालत जावे, हे तत्त्व आज टेबलावर पडलेल्या मदरबोर्डलाही तितकेच लागू पडते.

सुट्या भागांतून संगणक जोडता येतो, याचे मूळ १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झालेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकात आहे. त्याचे बहुतेक घटक बाजारात मिळणारे होते आणि त्याची रचना इतर उत्पादकांना अनुकरण करण्याजोगी होती. भारतात १९८४ च्या संगणक धोरणाने आणि पुढे १९९१ नंतरच्या आर्थिक उदारीकरणाने सुट्या भागांची आयात सुलभ होत गेली. १९९५ मध्ये इंटेलने ‘एटीएक्स’ हे मानक मांडले आणि मदरबोर्डचा आकार, त्याच्या स्क्रूंच्या जागा व वीजपुरवठ्याची जोडणी यांना एक सर्वमान्य रूप आले. वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग आज एका कॅबिनेटमध्ये बसतात ते या मानकांमुळे. पण मानक भाग बसण्याची हमी देते, भाग एकमेकांना ओळखतील याची देत नाही. नव्या संगणकातील बरेचसे बिघाड या दोहोंमधल्या फटीत असतात.

जागे होण्याचा क्रम

भिंतीवरील बटण चालू केल्याबरोबर, कॅबिनेटची कळ दाबण्याआधीच, संगणकाचा एक छोटा भाग जिवंत होतो. दुकानात ज्याला ‘एसएमपीएस’ म्हणतात तो वीजपुरवठ्याचा डबा २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेपासून १२, ५ आणि ३.३ व्होल्टची एकदिश वीज तयार करतो; मात्र यंत्र बंद असताना तो ५ व्होल्टची फक्त एक राखीव वाहिनी चालू ठेवतो. कॅबिनेटची कळ दाबली की मदरबोर्डवरील दोन पिना क्षणभर एकमेकींना जोडल्या जातात, मदरबोर्ड २४ पिनांच्या मोठ्या प्लगमधील हिरव्या तारेवरील दाब शून्यावर आणतो आणि ही खूण मिळताच एसएमपीएस आपल्या मुख्य वाहिन्या सुरू करतो. सर्व दाब ठरलेल्या मर्यादेत स्थिरावले की साधारण १०० ते ५०० मिलिसेकंदांत तो करड्या तारेवरून ‘वीज ठीक आहे’ असा संकेत देतो. तो संकेत येईपर्यंत प्रोसेसरला थोपवून धरलेले असते.

संकेत आल्यावर प्रोसेसर मदरबोर्डवरील एका चिपमध्ये साठवलेली आज्ञावली वाचू लागतो. तिला पूर्वी ‘बायोस’ म्हणत, आजच्या यंत्रांत तिची जागा ‘यूईएफआय’ या अधिक विस्तृत आज्ञावलीने घेतली आहे. बोलीभाषेत बायोस हेच नाव टिकून आहे. ही आज्ञावली प्रथम प्रोसेसर ओळखते, मग रॅम तपासते, नंतर ग्राफिक्सचा घटक शोधते आणि शेवटी ज्यावर विंडोज किंवा लिनक्स आहे ती डिस्क शोधून कारभार तिच्या हवाली करते. या स्वयंतपासणीला ‘पोस्ट’ म्हणतात. पडद्यावर पहिले अक्षर उमटण्याआधी वीज, प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स या चारही पायऱ्या पार झालेल्या असतात, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे पडद्यावर कंपनीचे चिन्ह दिसत असताना एसएमपीएस बदलायला निघणे किंवा पंखाच फिरत नसताना विंडोज पुन्हा टाकायचा सल्ला देणे किती निरर्थक आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

क्रम कोठे अडला हे सांगण्याची सोय मदरबोर्डवरच असते. अनेक मदरबोर्डांच्या कडेला प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट अशा नावांचे चार बारीक दिवे असतात; तपासणी जसजशी पुढे सरकते तसतसे ते लागून विझतात आणि अडथळ्याच्या पायरीचा दिवा लागलेला राहतो. महागड्या मदरबोर्डवर दोन आकडी संकेतांक दाखवणारी छोटी पट्टी असते. हे दोन्ही नसेल तर मदरबोर्डवरील ‘स्पीकर’ नावाच्या पिनांवर अगदी स्वस्तात मिळणारा लहानसा स्पीकर लावावा. त्याच्या लांब-आखूड आवाजांचा अर्थ बायोसच्या कंपनीनुसार बदलत असल्याने तो मदरबोर्डच्या पुस्तिकेतूनच पाहावा लागतो. हे पुस्तक खोक्यातून बाहेर न काढताच जोडणी उरकण्याची सवय पुष्कळांना असते आणि निदानातला पहिला पुरावा तेथेच हरवतो.

पहिली अवस्था : पूर्ण शांतता

कळ दाबूनही काहीच घडत नसेल, तर शोध भिंतीपासून सुरू करावा. सॉकेटमध्ये वीज आहे का, एसएमपीएसच्या पाठीमागचे लहान बटण चालू बाजूला आहे का, केबल शेवटपर्यंत बसली आहे का, हे प्रश्न बाळबोध वाटले तरी ते आधी निकालात काढले पाहिजेत. मल्टिमीटरने सॉकेटवर फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्टच्या आसपास, फेज आणि अर्थिंग यांच्यातही जवळपास तेवढाच, आणि न्यूट्रल व अर्थिंग यांच्यात शून्याच्या जवळचा दाब दिसावयास हवा. शेवटचा आकडा बराच मोठा असेल किंवा कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग तुटलेले किंवा मुळात नसलेलेच आहे असे समजावे. जुन्या वाड्यांतून भागाभागाने झालेल्या वायरिंगमध्ये हा दोष आढळतो आणि तो दुरुस्त केल्याशिवाय महाग यंत्र तेथे लावू नये.

त्यानंतर समोरच्या कळीच्या तारा पाहाव्यात. कॅबिनेटमधून येणारे चार-पाच चिमुकले प्लग मदरबोर्डच्या एका कोपऱ्यातील पिनांवर बसवावे लागतात; पिना जवळजवळ, अक्षरे बारीक आणि प्लगची खोच सैल, त्यामुळे पॉवरचा प्लग एक घर सरकून बसला तरी वरून सगळे ठीक दिसते. खात्री करण्याचा मार्ग सोपा आहे. तो प्लग काढून पॉवरच्या त्या दोन पिनांना पेचकसाचे टोक क्षणभर एकदम टेकवावे. यंत्र सुरू झाले तर दोष कळीत किंवा तिच्या तारेत आहे आणि बाकी यंत्र निर्दोष आहे.

तरीही शांतता असेल तर दोन शक्यता उरतात : एसएमपीएस वीज देत नाही, किंवा कोठेतरी शॉर्ट होत असल्यामुळे तो स्वतःहून बंद पडतो. दुसऱ्या शक्यतेचे एक खास लक्षण आहे : कळ दाबताच पंखा अर्धा फेरा घेऊन थांबतो. मदरबोर्ड कॅबिनेटच्या पत्र्यापासून उंच ठेवण्यासाठी पितळी खुंट्या असतात, ज्यांना स्टँडऑफ म्हणतात. एखादी जादा खुंटी चुकीच्या जागी राहिली, की ती मदरबोर्डच्या पाठीवरील डाखांना टेकते. मशीन शॉपच्या टेबलावर जोडणी केली असेल तर धातूचा बारीक कीस सॉकेटमध्ये किंवा मदरबोर्डखाली जाण्याचा धोकाही असतो, म्हणून अशा जागी कागद पसरून, स्वच्छ हातांनी काम करणे हा उपचार नसून आवश्यकता आहे. एसएमपीएसची स्वतंत्र तपासणी करायची झाल्यास तो मदरबोर्डपासून वेगळा करून, एखादा पंखा जोडून, २४ पिनांच्या प्लगमधील हिरवी तार शेजारच्या काळ्या तारेला जोडावी. तो चालू झाल्यावर १२ व्होल्टच्या वाहिनीवर ११.४ ते १२.६ आणि ५ व्होल्टच्या वाहिनीवर ४.७५ ते ५.२५ यांच्या दरम्यान वाचन मिळावे. मात्र हा डबा उघडून पाहण्याचा मोह टाळलाच पाहिजे, कारण त्यातील धारित्रांवर सुमारे ३२५ व्होल्टचा दाब केबल काढल्यानंतरही काही काळ टिकून राहतो.

दुसरी अवस्था : पंखे फिरतात, ‘डिस्प्ले’ येत नाही

नव्या संगणकात सर्वाधिक गोंधळ या अवस्थेने होतो, कारण दिवे आणि पंखे पाहून यंत्र चालू असल्याचा समज होतो. पंख्यांना केवळ १२ व्होल्टची वाहिनी लागते. प्रोसेसर जागा झाला आहे, असे त्यांच्या फिरण्यावरून सिद्ध होत नाही. प्रोसेसरला स्वतंत्र वीज देणारा चार किंवा आठ पिनांचा प्लग मदरबोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो. कॅबिनेटमध्ये मदरबोर्ड बसवल्यावर तेथे बोट पोहोचणे अवघड जाते आणि हा प्लग लावायचाच राहून जातो. तो नसेल तर पंखे फिरतील, पण आज्ञावलीची पहिली ओळही वाचली जाणार नाही.

यानंतर रॅम. तिची पट्टी खाचेत बसवताना दोन्ही टोकांना समान दाब देऊन क्लिपचा आवाज होईपर्यंत दाबावी लागते. काही मदरबोर्डांवर फक्त एकाच टोकाला हलणारी क्लिप असते आणि दुसरे टोक केसभर वर राहिलेले लक्षात येत नाही. चार खाचा असलेल्या मदरबोर्डवर दोन पट्ट्या लावायच्या असल्यास बहुधा प्रोसेसरकडून दुसरी आणि चौथी खाच वापरायची असते. पट्टीचे सोनेरी संपर्क खोडरबराने घासण्याची जी रीत आपल्याकडे रूढ आहे, ती जुन्या, काळवंडलेल्या रॅमसाठी उपयोगी पडत असली तरी नव्या पट्टीला तिची गरज नसते आणि खोडरबराचा चुरा खाचेत अडकला तर नवा दोष निर्माण होतो. डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या दोन्ही पट्ट्यांना २८८ संपर्क असतात, पण त्यांची खाच वेगळ्या जागी असल्याने एक जात दुसऱ्या मदरबोर्डमध्ये बसत नाही. तेथे जोर लावणे म्हणजे दोन्ही भाग गमावणे होय.

डीडीआर-५ बाबत आणखी एक गोष्ट माहीत असणे आवश्यक आहे. प्रत्येक पट्टीशी किती वेळात व कोणत्या दाबाने संवाद साधायचा हे मदरबोर्ड पहिल्या सुरुवातीला स्वतः मोजून ठरवतो. या ‘मेमरी ट्रेनिंग’ला, विशेषतः एएमडीच्या २०२२ मध्ये आलेल्या एएम-५ सॉकेटवर, काही वेळा काही मिनिटेही लागतात आणि तेवढा वेळ पडदा काळा असतो. यंत्र बिघडले असे समजून मध्येच वीज तोडली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. बिघाड नसताना बिघाडाची तक्रार होते ती येथे, आणि धीर हा या ठिकाणी निदानाचाच भाग ठरतो.

ग्राफिक्सच्या पायरीवरील चुका साध्या पण वारंवार घडणाऱ्या आहेत. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असूनही मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावली जाते. प्रोसेसरमध्ये अंतर्गत ग्राफिक्स नसेल, तर तेथून चित्र येण्याचा प्रश्नच नसतो. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाशेवटी ‘एफ’ हे अक्षर आहे, त्यांत असे ग्राफिक्स नसते. उलट बाजूने, मोठ्या ग्राफिक्स कार्डला मदरबोर्डच्या खाचेतून ७५ वॅटपर्यंतच वीज मिळते आणि उरलेली त्याच्या कडेला लावायच्या सहा किंवा आठ पिनांच्या प्लगमधून घ्यावी लागते. तो प्लग विसरला तर कार्डचा पंखा फिरूनही चित्र येत नाही.

एक नमुन्याचे प्रकरण

या सर्व पायऱ्या निर्दोष असूनही चित्र न येण्याचे एक कारण असे आहे, जे डोळ्यांना कधीच दिसत नाही. समजा, एखाद्या दुकानात शिल्लक राहिलेला ‘बी-४५०’ जातीचा मदरबोर्ड आणि त्यावर एएमडीचा ‘रायझन ५ ५६००’ हा प्रोसेसर अशी जोडणी केली आहे. सॉकेट दोघांचे एकच, एएम-४. प्रोसेसर अलगद बसतो. पंखे फिरतात, डिस्प्ले नाही, प्रोसेसरचा दिवा लागलेला राहतो. रॅम बदलली, ग्राफिक्स कार्ड बदलले, एसएमपीएसही दुसरा लावून पाहिला, तरी फरक नाही. या टप्प्यावर मदरबोर्ड ‘डेड’ असल्याचा निर्वाळा दिला जातो.

वस्तुस्थिती अशी असते की, हा मदरबोर्ड जेव्हा कारखान्यातून निघाला तेव्हा हा प्रोसेसर अस्तित्वातच नव्हता. रायझन ५००० ही मालिका नोव्हेंबर २०२० मध्ये आली आणि ५६०० हा प्रोसेसर २०२२ मध्ये. बी-४५० मदरबोर्ड मात्र २०१८ पासून बाजारात आहेत. त्यावरील जुनी आज्ञावली नव्या प्रोसेसरला ओळखत नाही, म्हणून क्रम पहिल्याच पायरीवर थांबतो. मदरबोर्डवर ‘बायोस फ्लॅशबॅक’ची सोय असेल, तर प्रोसेसर नसतानाही पेनड्राइव्हवरून नवी आज्ञावली चढवता येते, नसेल तर आधी ओळखीचा जुना प्रोसेसर बसवून ती अद्ययावत करावी लागते. इंटेलच्या बाराव्या पिढीसाठी आलेल्या मदरबोर्डांवर तेराव्या पिढीचा प्रोसेसर बसवतानाही हीच काळजी घ्यावी लागते. लहान शहरांत माल दुकानात अधिक काळ पडून राहत असल्याने हा दोष तेथे अधिक संभवतो. त्यावर एकच खरा इलाज आहे : खरेदीपूर्वी मदरबोर्ड कंपनीच्या यादीत प्रोसेसरचे नाव आणि त्यासमोर लिहिलेली बायोसची आवृत्ती पाहून घेणे.

टेबलावरची कमीत कमी जोडणी

दिव्यांनी आणि आवाजांनी दिशा मिळाली नाही, तर संगणक कॅबिनेटबाहेर काढून मदरबोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवावा आणि त्याला प्रोसेसर, त्याचा कूलर, रॅमची एकच पट्टी आणि एसएमपीएस एवढेच जोडावे. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तरच कार्ड लावावे. डिस्क, जादा पंखे, यूएसबीची साधने, रंगीत दिव्यांच्या पट्ट्या यांतले काहीही लावू नये. एवढ्यावर चित्र आले, तर दोष कॅबिनेटमध्ये किंवा वगळलेल्या भागांत आहे. मग एकेक भाग वाढवत जावे आणि प्रत्येक वेळी यंत्र सुरू करून पाहावे. चित्र आले नाही, तर संशयितांची संख्या चार-पाचवर येते. रॅमची पट्टी प्रत्येक खाचेत फिरवून पाहावी, दुसरी पट्टी लावून पाहावी, आणि मदरबोर्डवरील ३ व्होल्टची सीआर-२०३२ ही गोल बॅटरी वीज पूर्ण तोडून काही मिनिटे काढून ठेवावी, म्हणजे बायोसमधील चुकीच्या सेटिंग पुसल्या जातात.

याच टप्प्यावर प्रोसेसरचे सॉकेट पाहणे उचित ठरते. इंटेलच्या एलजीए-१७०० सॉकेटमध्ये १,७०० स्प्रिंगसारखे संपर्क असतात आणि त्यांतला एखादा वाकला, तर यंत्र पूर्ण बंद राहू शकते किंवा रॅमची एक बाजू ओळखली जात नाही. टॉर्चचा उजेड तिरपा पाडून भिंगातून पाहिले, की सगळ्या संपर्कांची टोके ओळीने एकसारखी चमकतात आणि वाकलेले टोक त्या ओळीत काळा ठिपका होऊन वेगळे पडते. सॉकेटवरील प्लॅस्टिकचे झाकण सांभाळून ठेवण्याची शिफारस त्याच कारणाने केली जाते. ते नसेल तर वॉरंटीत मदरबोर्ड स्वीकारला जाण्यास अडचण येते.

या सर्व कामात एक नियम मोडता कामा नये : एका वेळी एकच बदल. रॅम बदलताना केबलही बदलली आणि यंत्र चालू झाले, तर समाधान मिळते पण ज्ञान मिळत नाही, आणि दोष दुसऱ्या दिवशी परत आला की सुरुवात पुन्हा शून्यापासून करावी लागते. काय बदलले, त्यावर कोणता दिवा लागला, किती वेळ थांबलो, हे कागदावर लिहीत गेल्यास तोच कागद पुढे वॉरंटीच्या दाव्यात पुरावा म्हणूनही उपयोगी पडतो.

तिसरी अवस्था : चित्र आले, पुढे काही नाही

पडद्यावर चिन्ह उमटल्यावर यंत्र अडले, तर यंत्राचा मुख्य भाग सुस्थितीत आहे असे मानण्यास हरकत नाही. ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ अशा अर्थाचा संदेश नव्या संगणकात दोष दर्शवतोच असे नाही. डिस्क कोरी असल्याने तो येणारच. डिस्क बायोसमध्येच दिसत नसेल तर एम-२ प्रकारची एसएसडी तिरपी राहून तिचा स्क्रू लागलेला नाही, किंवा ती खाच दुसऱ्या प्रकारच्या डिस्कसाठी आहे, हे तपासावे. ती बायोसमध्ये दिसते, पण विंडोजच्या स्थापनेत दिसत नाही, असेही होते. इंटेलच्या अकराव्या आणि त्यानंतरच्या पिढीच्या अनेक यंत्रांत त्यासाठी इंटेलचा साठवण-ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून वेगळा द्यावा लागतो.

चित्र येऊन काही सेकंदांत किंवा मिनिटांत यंत्र बंद पडत असेल, तर संशय उष्णतेवर घ्यावा. कूलरच्या तळाला चिकटवलेली पातळ पारदर्शक पट्टी न काढताच तो बसवला जातो, चारपैकी एक खिळा अर्धवट लागतो, किंवा कूलरची तार नेमून दिलेल्या पिनांवर नसते; मग प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वीज तोडायला लावतो. बायोसच्या पानावर प्रोसेसरचे तापमान दिसते, आणि ते न थांबता चढत जाताना दिसले, की कूलर काढून पुन्हा बसवण्याखेरीज दुसरा मार्ग नाही.

हवा, पाणी आणि वीज

यंत्र ज्या जागी चालायचे त्या जागेचा स्वभावही निदानात धरावा लागतो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात हवेतील ओलावा मोठा असतो, तर हिवाळ्यातील कोरड्या हवेत स्थितिक विजेचा धोका वाढतो. माणसाला स्थितिक विजेचा चटका जाणवण्यासाठी साधारण ३,००० व्होल्ट लागतात, पण त्याहून कितीतरी कमी दाबाने चिप दुखावू शकते. म्हणूनच भाग हाताळण्यापूर्वी अर्थिंग असलेल्या उघड्या धातूला हात लावणे आवश्यक असते. पुराचाही विचार करावा लागतो : पंचगंगा नदीची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फूट आहे आणि २०१९ व २०२१ च्या महापुरांत ती कितीतरी मागे पडून व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी, नागाळा पार्क या भागांत पाणी शिरले. ओल लागलेल्या जागी ठेवलेला मदरबोर्ड वरून नवा दिसला तरी त्याच्या संपर्कांवर गंज असू शकतो, म्हणून सील, खोक्याचा तळ आणि पिनांचा रंग पाहूनच माल घ्यावा.

कारखान्यात वेल्डिंग यंत्र किंवा मोठी मोटर सुरू होताना दाब क्षणभर कोसळतो. एसएमपीएस पूर्ण भाराखाली वीज नसताना साधारण १६ मिलिसेकंदच तग धरतो आणि आपल्याकडील विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते; म्हणजे एक आवर्तन जरी चुकले तरी यंत्र पुन्हा सुरू होऊ शकते. घरी चाचणीत उत्तम चाललेला संगणक कारखान्यात अडखळत असेल, तर भाग बदलण्याआधी त्याला स्वतंत्र वाहिनी आणि योग्य क्षमतेचा यूपीएस देऊन पाहिले पाहिजे.

निदानाची जबाबदारी

नव्या संगणकातील दोष बहुतांशी तुटलेल्या भागांचे नसतात. ते राहून गेलेल्या प्लगचे, अर्धवट बसलेल्या रॅमचे, जुन्या बायोसचे आणि अपुऱ्या धीराचे असतात. तरीही चांगले मदरबोर्ड ‘डेड’ म्हणून परत जातात, ग्राहकाचे दिवस जातात, दुकानदाराचा विश्वास जातो आणि काही भाग वेळेआधी ई-कचऱ्यात जमा होतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. पण भाग खरोखर निकामी आहे की नाही, हे ठरवण्याची जबाबदारी ज्याच्या हातात पेचकस आहे त्याचीच राहते.

म्हणून तीन गोष्टींचा आग्रह धरावासा वाटतो. तंत्रनिकेतने आणि आयटीआय यांच्या प्रात्यक्षिकांत संगणक जोडण्याइतकेच, मुद्दाम बिघडवून ठेवलेला संगणक क्रमाने तपासण्यालाही स्थान असावे. दुकानदारांनी जोडलेले यंत्र ग्राहकाच्या हाती देताना बायोसची आवृत्ती, भागांचे क्रमांक आणि चाचणीची नोंद एका कागदावर लिहून द्यावी. आणि ग्राहकांनी बिल, खोकी, सॉकेटचे झाकण व मदरबोर्डची पुस्तिका वॉरंटी संपेपर्यंत जपून ठेवावी, यंत्र सुरू झाले नाही तर घाईने काही उघडू नये, कोणता दिवा लागला आहे हे आधी पाहावे आणि दुकानात फोन करताना ‘चालू होत नाही’ एवढेच न सांगता ते नेमके कोठे थांबते ते सांगावे. निदानाचे अर्धे काम त्या एका वाक्याने होते.